बारा जणी हव्यात, चौदा दिवसांसाठी

परवा दुपारी मेथी निवडत बसले होते, तर शेजारची सून आली. हातात मोबाईल आणि चेहऱ्यावर उसनं मागायला आल्यासारखं हसू. मला वाटलं, विरजण हवं असेल. तर म्हणाली, "काकू, तुमचा जीमेल द्या ना. बारा पाहिजेत, सातच झालेत."

आमच्या दारातून आजवर वाटीभर साखर, इस्त्री, शिडी, अडीनडीला गॅसचं सिलिंडर असं बरंच काही उसनं गेलंय. जीमेल मात्र पहिल्यांदाच! मेथी बाजूला सारली आणि तिला बसवून घेतलं. मग जे ऐकलं, त्यासाठी हा आठवडा खर्ची पडला.

ही मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेली. लग्न होऊन तासगावात आली, मुलगा आता दुसरीत आहे. सासूबाई बचत गटाच्या अध्यक्ष. गटातल्या बऱ्याचजणी हंगामात बेदाण्याच्या शेडवर निवडायला जातात. मजुरी हातात आली की महिन्याचा हप्ता गटात. कुणी अंतर्गत कर्ज घेतलेलं, कुणाचा हप्ता चुकला म्हणून दंड, त्यावरचं व्याज, हे सगळं एका जाड वहीत. मागच्या पावसाळ्यात ती वही भिजली. निळी शाई पसरून दोन महिन्यांचा हिशोब गेला आणि गटात इतकी भांडणं झाली की दोघी बाहेर पडल्या. तेव्हा या सुनेने ठरवलं की गटाच्या हिशोबाचं अ‍ॅप करायचं. मुलगा झोपला की रात्री दहा ते बारा, असे आठ महिने बसून तिने ते केलं.

केलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गटात पाठवलं. एकीनेही उघडलं नाही! खजिनदारबाई म्हणाल्या, "पेपरात आलंय की. असलं एपीके-बिपीके आलं तर उघडायचं नाही, बँकेतले पैसे जातात." आता हे पेपरात कुणी लिहिलं होतं? मीच! लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाईल पाठवून लोकांचे फोन ताब्यात घेण्याचे प्रकार २०२४ पासून सुरू झाले, पोलिसांनीही इशारे दिले, तेव्हा याच पानावर मी मोठ्या तावातावाने लिहिलं होतं की ओळखीच्या माणसाकडून आली तरी अशी फाईल उघडू नका. खजिनदारबाईंचं काहीच चुकलं नव्हतं. माझंही नाही. पण आठ महिने जागलेल्या मुलीच्या समोर बसून हे कबूल करताना जीव जरा खाली-वर झालाच.

म्हणजे आता अ‍ॅप प्ले स्टोअरवरच असायला हवं, तरच बायका विश्वास ठेवणार. आणि तिथेच हा बारा जीमेलचा मामला सुरू होतो.

गूगलचा नियम असा की १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्याने व्यक्तिगत डेव्हलपर खातं उघडलं असेल, त्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंद दाराआडची एक चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला तिला वीस परीक्षक लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये ते बारावर आणले. या बाराजणांनी आपला जीमेल द्यायचा, दुव्यावर जाऊन 'मी चाचणीत आहे' म्हणायचं, अ‍ॅप घ्यायचं आणि सलग चौदा दिवस चाचणीत राहायचं. मधेच कुणी बाहेर पडलं आणि आकडा बाराच्या खाली गेला, तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. सोळा सोमवारांसारखं. कंपनीच्या नावाने खातं असेल तर ही अट नाही.

नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. रोज कुणीतरी उठून भुरटं अ‍ॅप टाकतंय, त्यात लोकांचं नुकसान होतंय, तेव्हा आधी चार माणसांना वापरून दाखवा म्हणणं रास्तच. पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं, ते बघा. ज्याच्या ऑफिसात किंवा कॉलेजच्या वर्गात हाक मारली की बारा फोन पुढे येतात, असा कुणीतरी. आमच्या सुनेने हाक मारली ती बचत गटात. तिथे काय झालं? सोळापैकी पाचजणींचा फोन नवऱ्याबरोबर किंवा मुलाबरोबर वाटणीत आहे. एकीचा बटणाचा. तिघींना आपला जीमेल काय आहे हेच माहीत नाही, कारण तो मोबाईलच्या दुकानदाराने फोन घेताना काढून दिला, पासवर्ड त्याच्या डोक्यात! एकीचा जीमेल भाच्याच्या नावाने आहे आणि भाचा सध्या पुण्यात. असे करत करत सात मिळाले. मी आठवी. (माझाही पासवर्ड मुलानेच ठेवलाय, हे मी तिला सांगितलं नाही. संध्याकाळी गुपचूप फोन करून विचारून घेतला.)

मग ती म्हणाली, "काकू, शनिवारी सांगलीत मोबाईल अ‍ॅप बनवणाऱ्यांची बैठक असते. महिन्यातून एकदा. तिथे लोक एकमेकांची अ‍ॅप तपासून देतात म्हणे. मी कधी गेले नाही. तुम्ही येता का सोबत?" सोबत कशाला, हे विचारायची गरज नव्हती. बैठक संध्याकाळी साडेसहाला सुरू होणार होती. तासगावहून सांगली पंचवीसेक किलोमीटर, परतायला रात्र होणार. काकू बरोबर आहेत म्हटल्यावर घरचे नाही म्हणणार नाहीत, एवढाच माझा उपयोग. तरी मी आनंदाने गेले.

एका क्लासच्या वरच्या मजल्यावरची खोली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पडदा, कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि ग्लुकोजची बिस्किटं. मी मोजलं तर चौतीस माणसं, त्यात बाया चार. त्या चारात एक मी, म्हणजे धरायची नाही. बाकी बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं, दोन-तीन टक्कल पडलेले नोकरदार, एक निवृत्त शिक्षक. पुण्या-मुंबईत अशा बैठका वर्षानुवर्षं होतात, पुण्यात गूगल डेव्हलपर ग्रुप आहे, तिथे मोठमोठ्या सभागृहांत शेकड्यांनी लोक येतात. इथे तसा थाट नाही. ज्याला महिन्याभरात काही अडलं आणि सुटलं, त्याने उठून ते बाकीच्यांना सांगायचं, बस्स. मला वाटलं होतं, तीन तास जांभया देत काढावे लागणार. पण तसं झालं नाही, कारण हे लोक आपल्या फजितीच्या गोष्टी सांगत होते, आणि फजिती कुठल्याही भाषेत कळते.

पहिल्या मुलाने आजीसाठी गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप केलं होतं. स्वतःच्या फोनवर छान वाजायचं, आजीच्या फोनवर ढिम्म. शोधलं तर दोन कारणं. एक म्हणजे २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड तेरापासून अ‍ॅपला सूचना दाखवायची असेल तर आधी परवानगी मागावी लागते, आणि आजीने 'नाही' दाबलं होतं. का? तर या नातवानेच तिला शिकवलं होतं की फोनने काहीही विचारलं तरी 'नाही' म्हणायचं! दुसरं कारण, बॅटरी वाचावी म्हणून काही फोन मागे चालू असलेली अ‍ॅप आपणहून बंद करतात. तिथे रक्तदाबाची गोळी राहिली काय आणि लग्नाचा वाढदिवस राहिला काय, फोनला सारखंच. पोरगा म्हणाला, "आठ दिवस आजीला वाटत होतं की गोळ्या बंद झाल्या." सगळे हसले, मग एकदम गप्प झाले.

दुसऱ्याची गोष्ट छोटी. फॉर्म भरता भरता फोन आडवा झाला की भरलेलं सगळं पुसलं जायचं. अँड्रॉइड म्हणे फोन फिरला की समोरचा पडदा मोडून नव्याने मांडतं, आणि 'भरलेलं जपून ठेव' असं अ‍ॅपला आधी सांगून ठेवलं नसेल तर गेलं. पाट फिरवला म्हणून त्यावरची रांगोळी पुसून टाकावी तसं. हे ऐकल्यावर मला माझे कितीतरी अर्धवट गेलेले ऑनलाइन फॉर्म आठवले. दरवेळी मी समजत होते, आपल्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं!

तिसरी आमची सून. ती बोलणार आहे हे मलाही माहीत नव्हतं. आवाज आधी कापत होता, पण विषय निघाला आणि ती सुटली.

तिची गोष्ट आकड्यांची. सासूबाईंच्या फोनमध्ये अ‍ॅप घालून तिने हिशोब भरायला घेतला, तर जमा केलेले हप्ते यादीत दिसेनात. तिच्या स्वतःच्या फोनवर सगळं बरोबर. दोन आठवडे डोकं फोडून कळलं की सासूबाईंचा फोन मराठीत आहे. फोनची भाषा मराठी असेल तर अँड्रॉइड आकडेही मराठी लिहितं, म्हणजे आपले देवनागरी १, २, ३. तिचं अ‍ॅप शंभर रुपये मराठी आकड्यांत साठवत होतं आणि शोधताना इंग्रजी आकड्यांतले शंभर शोधत होतं. माणसाला दोन्ही शंभर एकच, यंत्राला नाहीत. गंमत पुढेच आहे. फोन हिंदीत ठेवला तर असं होत नाही, तिथे आकडे इंग्रजीच राहतात. मराठी आणि नेपाळीत मात्र देवनागरी. म्हणजे अ‍ॅप करणारे बंगळूरला बसून हिंदीत तपासून 'भारतीय भाषांत चालतं' असं म्हणाले, तर मराठीत फोन वापरणाऱ्या बाईच्या हातात गेल्यावरच ते मोडणार. आणि फोन मराठीत ठेवतं कोण? ज्यांना इंग्रजीचा सराव नाही, त्याच. खुद्द अ‍ॅप करणाऱ्यांचा फोन बहुतेक इंग्रजीत. त्या खोलीत तिने विचारलं, "कुणाकुणाचा फोन मराठीत आहे?" चौतिसातून तीन हात वर आले. त्यातला एक माझा.

तिने आणखी एक सांगितलं, ते मला फार आवडलं. नाव लिहायच्या चौकटीत तिने अक्षरांची मर्यादा घातली होती. गटातल्या ज्योत्स्नाबाईंचं नाव-आडनाव त्यात मावेना. आपण 'ज्योत्स्ना' दोन अक्षरांत म्हणतो, पण यंत्र ज, हलन्त, य, ओकार, त, हलन्त, स, हलन्त, न आणि आकार असं सुटं सुटं मोजतं. झाली की दहा! मग आडनावाला जागा कुठली? मागे बसलेले निवृत्त गुरुजी खूष होऊन म्हणाले, "व्याकरण शिकवताना मी हेच पस्तीस वर्षं सांगत होतो, कुणी ऐकलं नाही."

तुम्ही म्हणाल, हे सगळं आता एआयला विचारलं की सांगतं, त्यासाठी रात्रीचं सांगलीला कशाला जायचं? मीही तेच विचारलं. सुनेचं उत्तर असं की कोड लिहायला तिने एआयची भरपूर मदत घेतली, आठ महिन्यांचे दीड वर्ष झाले नाहीत ते त्यामुळेच. पण आकड्यांच्या चुकीवर दोन आठवडे ते भलतीकडेच शोधायला सांगत राहिलं, कारण सासूबाईंचा फोन मराठीत आहे ही गोष्ट सांगण्यासारखी आहे, हेच तिला माहीत नव्हतं. ते तिला कळलं कसं? सासूबाई एकदा सहज म्हणाल्या, "तुझ्या फोनवर आकडे वेगळे का दिसतात गं?"

इथे मला २०२१ चा ऑगस्ट आठवतो. राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, तुमच्यातल्या कित्येकींनी बघितलं असेल, काहीजणी त्यात असतीलही. फोन कमी क्षमतेचे, गरम होणारे, आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये माहिती भरायची इंग्रजीत. मागणी साधी होती, चांगला फोन आणि मराठी अ‍ॅप. तेव्हा बऱ्याच शहाण्यांनी नाकं मुरडली होती की बायकांना तंत्रज्ञान नको असतं. आता मला वाटतं, त्या सेविका फुकट परीक्षकच होत्या. फरक एवढाच की त्यांना अ‍ॅप खुलं झाल्यावर विचारलं, आधी नाही. पुढे २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत अ‍ॅपवरून भरायला बायकांची झुंबड उडाली. आपल्या आयुष्यातलं रेशन, पगार, अनुदान, मुलांची शाळा सगळं आता कुठल्या ना कुठल्या अ‍ॅपमधून येतं. ती अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या खोलीत चारच बायका असतील तर काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

पण त्या चार तरी तिथवर पोचतात कशा? चहाच्या वेळी मी बाकी दोघींशी बोलले आणि मग खरी रडकथा कळली. कोड हा त्यातला सोपा भाग.

पहिलं म्हणजे नाव. प्ले स्टोअरच्या व्यक्तिगत खात्यावर तुमचं कायदेशीर नाव लागतं, ओळखपत्राशी जुळणारं, आणि ते सगळ्यांना दिसतं. आता आपल्याकडच्या लग्न झालेल्या बाईचं कायदेशीर नाव कुठलं? पदवीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेच्या पुस्तकात आडनाव आधी आणि मधे नवऱ्याचं फक्त पहिलं अक्षर. एकीचं लग्नात पहिलं नावही बदललेलं. तिची पडताळणी दोनदा फेटाळली गेली. शेवटी तिने कंटाळून भावाच्या नावाने खातं काढलं. अ‍ॅप हिचं, रात्री हिच्या, स्टोअरवर नाव भावाचं!

मग पैसे. खातं उघडायची फी पंचवीस डॉलर, एकदाच भरायची, आपले दोन हजारांच्या वर. (अ‍ॅपलचं नाव काढू नका, तिथे वर्षाला नव्व्याण्णव डॉलर.) रक्कम जमवता येते, पण ती भरायची कार्डाने, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. आपण चालू करून घ्यावे लागतात. नियम आपल्या भल्याचाच आहे, फसवणूक टळते. पण घरातलं जे कार्ड असं चालू करून घेतलेलं असतं, ते बहुधा नवऱ्याचं असतं. आमच्या सुनेने बँकेत जाऊन स्वतःचं चालू करून घेतलं. काउंटरवरच्या माणसाने तीनदा विचारलं, "मिस्टरांना माहीत आहे ना?"

आणि पत्ता. हा ऐकून मी चमकलेच. अ‍ॅप फुकट असेल तर स्टोअरवर तुमचं नाव, देश आणि ईमेल एवढंच दिसतं. पण प्ले स्टोअरवरून पैसे घ्यायचे ठरवलं, तर व्यक्तिगत खातेदाराचा पूर्ण पत्ता दाखवला जातो. घर नंबर, गल्ली, गाव, पिन कोड. कुणालाही, कुठूनही. ग्राहकाच्या बाजूने हेही बरोबर आहे, पैसे घेणारा कोण, कुठला, ते कळायला नको का? पण कंपनीला ऑफिस असतं आणि बाईला घर असतं. खोलीतला एक मुलगा म्हणाला, "माझा पत्ता आहेच की, काय होतंय?" तेव्हा कोपऱ्यातली मुलगी, जी तोवर काही बोलली नव्हती, ती म्हणाली, "मी अ‍ॅपमध्ये मदतीसाठी फोन नंबर दिला होता. रात्री अकरानंतर जे फोन यायचे, ते मदतीसाठी नव्हते." तो मुलगा ओशाळला. चांगला मुलगा होता, त्याला खरंच सुचलं नव्हतं.

आमच्या सुनेचा विचार होता, प्रत्येक गटाकडून वर्षाला नव्व्याण्णव रुपये घ्यावेत. पन्नास गट मिळाले तरी वर्षाला पाच हजार. स्वतःचे. आता तिने अ‍ॅप फुकट ठेवायचं ठरवलंय. सासरच्या घराचा पत्ता जगाला दाखवू का, असं विचारायलाही ती घरात गेली नाही. उत्तर माहीत असलं की प्रश्न विचारून काय करायचं?

मला इथे राग येतो, पण नक्की कुणाचा, ते सांगता येत नाही. गूगलवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये आठवड्याभरात दोन दंड ठोठावले, एक १३३७.७६ कोटींचा, दुसरा ९३६.४४ कोटींचा. दुसरा मार्च २०२५ मध्ये अपिलात २१६.६९ कोटींवर आला. दुसरा दंड प्ले स्टोअरवरच्या पैशांच्या व्यवहारासाठी होता, तिथे कमिशन किती कापतात यावर मोठ्या कंपन्या हिरिरीने भांडल्या. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर २०२१ पासून पंधरा टक्के कमिशन आहे. आमच्या सुनेचे पंधरा टक्के म्हणजे वर्षाला साडेसातशे रुपये, ते ती हसत देईल! तिची अडचण कमिशनच्या अलीकडची आहे, दाराच्या उंबऱ्यातली, आणि त्या अडचणीवर कुणी दावा लावलेला माझ्या ऐकिवात नाही.

बरं, स्टोअरच नको, थेट फाईलच देऊ म्हणावं, तर ती वाटही अरुंद होत चाललीय. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की सप्टेंबर २०२६ पासून आधी ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने जगभर, स्टोअरच्या बाहेरून घेतलेलं अ‍ॅपसुद्धा ओळख पटवलेल्या डेव्हलपरचंच असावं लागेल. विद्यार्थी आणि हौशी मंडळींसाठी मर्यादित खात्याची सवलत ठेवू, असंही पुढे सांगितलं. लग्नपत्रिकेची एपीके पाठवणाऱ्या चोरांचं यामुळे फावणार नसेल तर मी टाळ्याच वाजवीन. फक्त ओळख पटवायची म्हटल्यावर पुन्हा तेच नाव, तेच माहेर-सासर आलं.

यातून वाट काय? मला एक दिसते. आपल्याकडे 'माविम'ची लोकसंचालित साधन केंद्रं आहेत, 'उमेद'चे प्रभाग संघ आहेत. गटांच्या वरची ही रचना आहे, तिला ऑफिस आहे, पाटी आहे, शिक्का आहे. नोंदणीकृत संस्थेच्या नावाने डेव्हलपर खातं काढता येतं. त्याला डी-यू-एन-एस नावाचा एक क्रमांक मिळवावा लागतो, पण बारा परीक्षकांची अट नसते आणि दिसतो तो पत्ता ऑफिसचा. पापड-लोणच्याला जसं गटाचं लेबल लावतो, तसं तालुक्यातल्या मुलींच्या अ‍ॅपना का लावू नये? मी हे त्या बैठकीत बोलून दाखवलं. पोरांनी माना डोलावल्या. आमच्या सुनेच्या सासूबाईंना घरी येऊन सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पण मग अ‍ॅपवर नाव कुणाचं येणार? हिचं का संघाचं?" अध्यक्षबाईंचा प्रश्न अगदी बिनतोड! नाव संघाचंच येणार. मी गप्प झाले.

परत बैठकीकडे येते. उठायच्या आधी मी बैठक भरवणाऱ्या मुलाला विचारलं, "शनिवारी साडेसहालाच का रे ठेवता?" म्हणाला, "काकू, सगळ्यांना तेव्हाच जमतं." सगळ्यांना म्हणजे जे आले होते त्यांना. जे येत नाहीत त्यांना कधी जमेल, ते कोण विचारणार? दिवेलागणीची वेळ, पोरांचं जेवण, परतीची एसटी. मी म्हटलं, रविवारी सकाळी अकरा ते एक ठेवून बघ, स्टँडच्या जवळ जागा बघ, आणि लेकरू बरोबर आणलं तरी चालेल असं निरोपात लिही. त्याने वहीत लिहून घेतलं. "कुणी सांगितलंच नव्हतं," म्हणाला. खोटं नव्हता बोलत.

आणि जीमेल? ते तिला तिथे पाच मिनिटांत मिळाले. नऊजणांनी आपले दिले, बदल्यात तिने नऊजणांची अ‍ॅप आपल्या फोनवर घेतली. आमच्या गावात आठ, इथे नऊ, एकूण सतरा. बारा पुरले असते, पण मागच्या बाकावरच्या अनुभवी माणसाने सल्ला दिला, "ताई, पाच जास्तच ठेवा. कुणाचा तरी फोन बिघडतोच." पैसे घेऊन परीक्षक पुरवणारेही निघालेत म्हणे, पण तसले भाडोत्री बारा फोन गटाच्या व्याजाची चूक कशी पकडणार?

रात्री पावणेदहाला तिचा नवरा न्यायला आला. गाडीत तो म्हणाला, "काय, झालं का काम?" ती म्हणाली, "सतरा झाले." एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाली, तो मी तिच्या तोंडून आधी ऐकला नव्हता.

आज चाचणीचा अकरावा दिवस. खजिनदारबाईंच्या जावयाने त्यांचा फोन बदलून दिला, त्यात त्या गळाल्या. एकीच्या मुलाने गेमसाठी जागा हवी म्हणून अ‍ॅप काढून टाकलं, पण तेवढ्याने चाचणीतून नाव जात नाही, ते परत घालून दिलंय. म्हणजे सोळा आहेत. मी रोज रात्री जेवणं झाली की अ‍ॅप उघडते आणि काहीतरी भरते. काल मुद्दाम एका काल्पनिक बाईला पाच हजार कर्ज दिलं आणि तिचे तीन हप्ते बुडवले. अ‍ॅपने दंड बरोबर लावला, पण व्याज दोनदा धरलं. सकाळी अंगणातूनच ओरडून सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती, चिमटा तोंडात तसाच धरून मान हलवली आणि आत पळाली.